पदरातलं जावळ

सुगतला आंघोळ घालताना प्रमिलाचा तांब्या धरलेला हात जो थांबला, तो थांबलाच. पोरगं दगडावर उभं राहून "आजी पानी, आजी पानी" करत होतं. माघाचं कोवळं ऊन अंगणभर पसरलं होतं आणि घमेल्यातलं पाणी निवत चाललं होतं. अर्ध्या मोहल्ल्याची लेकरं तिच्या पायांवर न्हाली होती. तिला दुसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती. पोराची सुंता झाली होती.

जखम जुनी होती, भरलेली होती. म्हणजे नागपुरात कधीतरी हे उरकून घेतलं, आणि इथे पांढुर्ण्यात आजीला त्याचा पत्ता नाही.

"आई, द्या, मी पुसते." श्रुती टॉवेल घेऊन धावतच आली. लेकराला गुंडाळून तिने असं उचललं, जसं कोणी हातातून हिसकणार आहे. प्रमिलाने हातातला तांब्या खाली ठेवला. सुनेच्या त्या घाईतच तिला अर्धं उत्तर मिळालं.

उरलेलं अर्धं तिच्याकडे दिवाळीपासून होतं. दिवाळीत ती स्वप्निलकडे नागपूरला गेली होती. श्रुती बाल्कनीत फोनवर होती, पलीकडे तिचे वडील, सौंसरचे दादाजी. त्यांचा आवाज मोठा, चर्चमध्ये बोलायची सवय. प्रमिला आत भाजी निवडत होती आणि कान बाहेर होते. "सुंता आठव्या दिवशी व्हायची. लेकराला कोणी विचारत होतं काय? बाप्तिस्मा त्याच्याच जागी आला, बेटा." त्यावर सून हळूच म्हणाली होती, "बाबा, थोडं थांबा. आईंना अजून काहीच माहीत नाही."

तेव्हा तिला त्यातलं काही उमगलं नव्हतं. आज दगडावर उभ्या नातवाने ते उलगडून दाखवलं.

प्रमिलाची लेक रश्मी लोधीखेड्याहून पहिल्या बसने आली. चप्पल काढायच्या आधीच तिने आईचं तोंड पाहिलं.

"काय झालं वं?"

"काही नाही. तू पीठ मळ."

"आई."

मग प्रमिलाने चुलीशी बसून, आवाज खाली घेऊन सगळं सांगितलं. रश्मीचा हात परातीतच राहिला.

"म्या लग्नातच म्हटलं होतं, ते लोक गोड बोलतात. गोड बोलणाऱ्याचं पाहा लागते पहिले. पोराले बाटवलं त्यायनं!"

"हळू बोल. तुया भावाले मालूम असन का नाही?"

"त्याले? तो त बायकोच्या पदरानं तोंड पुसते. त्याले सांगतलं असन का वॅक्सिन हाय."

प्रमिलाला हसू आलं नाही. पोराला वाढवलं तिने. तो बायकोच्या किती ऐकण्यातला आहे, हे तिला त्याच्या बहिणीपेक्षा जास्त कळत होतं. पण स्वप्निल लपवाछपवी करणारा नव्हता. लहानपणी चोरून बोरं खाल्ली, तरी बिया खिशात घेऊन घरी यायचा. म्हणून तर तिला वाटत होतं की त्याला फसवलंय.

"आता कोणाले बोलू नको," ती म्हणाली. "जावळ होऊ दे. मी पाहून राहिली."

आणि ती पाहत राहिली. सून सैंपाकघरात आली की पाहिलं, बाहेर गेली की पाहिलं. सुगतच्या गळ्यात काळा दोरा आहे की आणखी काही, ते चाचपून पाहिलं. सूनबाई ताटं लावताना गुणगुणत होती, त्या सुरात कोणाचं नाव येतं का, तेही ऐकलं.

दादाजी दहाच्या सुमारास आले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. दारातच त्यांनी हात जोडले, "जयभीम, भाऊराव."

"जयभीम, जयभीम! या इवाई," प्रमिलाचे यजमान भाऊराव म्हणाले. त्यांनी व्याह्यांना बाजेवर स्वतःच्या शेजारी बसवलं.

प्रमिलाची नजर पिशवीवर. दादाजींनी पिशवी खुंटीला अडकवली, तेव्हा तिच्या तोंडातून एका बाटलीचं डोकं दिसलं. बाटलीत पाणी. घरात नळ, अंगणात हौद, मोहल्ल्यात हापशी, आणि हा माणूस सौंसरहून पाणी घेऊन येतो? कशाला? नातवावर शिंपडायला? दोन्ही पुरुष बाहेर मांडवाचं पाहायला गेले, तशी ती उठली. बाटली काढली आणि अंगणातल्या मिरचीच्या रोपात पार उपडी केली. बाटली जागच्या जागी ठेवली. मनाला जरा थंड वाटलं.

माणसं फार नव्हती. घरचे आणि शेजारची दोन-तीन बिऱ्हाडं. तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या. भाऊरावांनी त्रिशरण, पंचशील सांगितलं, मागून सगळे म्हणत होते. प्रमिला म्हणत होती आणि पाहतही होती. दादाजींचे हात जोडलेले, ओठ मिटलेले. श्रुतीचे ओठही मिटलेले. ते तर माहीतच होतं. मग तिची नजर स्वप्निलवर गेली. त्याच्या कडेवर सुगत होता, त्याचे केस ओढत होता. स्वप्निलचे ओठही हलत नव्हते. लेकरू त्रास देत असेल, असं म्हणून तिने नजर पुढे नेली.

सलूनवाला गजेंद्र पाटावर बसून वस्तरा काढू लागला. रिवाज असा की लेकरू मामाच्या मांडीवर बसतं आणि आत्या केस पदरात झेलते. श्रुतीला भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी तिच्या वडिलांनी बसायचं, असं ठरलं होतं. दादाजींनी पाटावर मांडी घातली आणि हात पसरले.

"ये रे बेटा, ये."

"थांबा," प्रमिला म्हणाली.

सगळे थांबले. गजेंद्रने वस्तरा पुन्हा मिटला.

"माझा नातू त्याह्यच्या मांडीवर बसणार नाही."

"काहून?" भाऊरावांना खरंच कळलं नाही. "पगली झाली काय तू? इवाई हाय तो."

"इवायालेच पुसा. पोराची सुंता कोणाले पुसून केली?"

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. भाऊरावांनी हातानेच त्यांना अंगणाबाहेर वाट दाखवली, आणि गजेंद्रला म्हणाले, "तू चहा घेऊन ये चौकातून." तो जायला नाखूश होता, पण गेला. आता घरचेच उरले.

श्रुतीचा चेहरा उतरला होता. "आई, ते ऑपरेशन होतं. त्याला लघवी होत नव्हती नीट. कातडी चिकटलेली होती, लघवी तुंबायची, दर महिन्याला ताप. डॉक्टर म्हणाले, कापावं लागेल. मी नर्स आहे, मी टाळत होते. नंतर नाही टाळता आलं."

"आन सांगतलं काहून नाही?" रश्मीने विचारलं.

"यासाठीच. आता जे होऊन राहिलं ना, यासाठीच." श्रुती एरवी नागपुरी शहरी बोलायची, रागावली की सौंसरची व्हायची. "मी ख्रिश्चन हाय म्हणून तुमी काय म्हणान, मले मालूम होतं ताई."

"ऑपरेशन होतं त मग तुझे बाबा फोनवर आठव्या दिवसाचं काय सांगत होते?" प्रमिला पुढे आली. "सुंतेच्या जागी बाप्तिस्मा. म्या माझ्या कानानं ऐकलं. खोटं असन त म्हणा खोटं."

दादाजी अजून पाटावरच होते, मांडी रिकामी. ते हसले नाहीत, हे प्रमिलाला बरं वाटलं.

"खोटं नाही, ईहीनबाई," ते म्हणाले. "बोललो मी तसं. पण सुंतेचं नाही सांगत होतो. आमच्यात सुंता नाही. माझी नाही, माझ्या बापाची नाही."

"मग?"

"शास्त्रात जुनी गोष्ट हाय. देवानं अब्राहामाशी करार केला, का तू माझा आन तुझी लेकरं माझी. खूण म्हणून पोरगं आठ दिवसांचं झालं का त्याची सुंता. अंगावरच खूण, म्हणजे विसरता येत नाही. पण पुढे काय झालं, लोक खूण जपाले लागले आन करार विसरले. मग संदेष्टे ओरडले, बाप्पा, कातडी कापून काय होते? मनावर जे कातडं चढलं, ते कापा. येशूनंतर त प्रेषित म्हणालेच, का देहाची सुंता नको आता, हृदयाची पाहिजे. ती वस्तऱ्यानं होत नाही."

"आन बाप्तिस्म्याचं पाणी?" भाऊरावांनी विचारलं.

"तेच मी पोरीले सांगत होतो. काही म्हणतात, जशी सुंता लेकराची, तसा बाप्तिस्माही लेकराचा, त्याच्या कपाळावर पाणी शिंपडावं. मायबाप विश्वासात हाय, त लेकरूही करारात. मी त्यातला. पण माझी पोरगी माझं ऐकत नाही."

"नाहीच ऐकत," श्रुती म्हणाली. "आई, त्या दिवशी मी त्यांना नाहीच म्हणत होते. सुगत मोठा होईल, बुद्ध पाहील, येशू पाहील, मग त्याचं तो ठरवेल. न विचारता त्याच्यावर काहीच करायचं नाही. माझ्या बाबांनी पण नाही, आणि माफ करा, तुम्ही पण नाही."

 प्रमिलाने जिच्याशी भांडायची तयारी केली, तीच तिच्या बाजूने भांडून बसली होती. दादाजींनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, पिशवीतली बाटली काढली, हलवून पाहिली.

"माझं पाणी कोणी पेलं? उकळून आणलं होतं, पोटाचं दुखणं हाय मले."

रश्मीने आईकडे पाहिलं. प्रमिलाने मिरचीच्या रोपाकडे पाहिलं. काय झालं ते भाऊरावांच्या लक्षात आलं, आणि ते फुस्सकन हसले. वातावरण जरा सैल झालं. रश्मीने पाणी उकळायला ठेवलं. इथेच सगळं मिटलं असतं. पण प्रमिलाचा एक काटा राहिला होता, आणि काटा राहिला की ती बसत नसे.

"श्रुती, 'आईंना अजून काहीच माहीत नाही', असं म्हटलं होतं तू. ऑपरेशन त तवा झालंच नव्हतं, दिवाळीत म्याच न्हाऊ घातलं होतं त्याले. मग मले काय मालूम नव्हतं?"

श्रुतीने मान वर केली. तिने वडिलांकडे पाहिलं नाही, सासऱ्याकडे पाहिलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

स्वप्निल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. झोपायला आलेला सुगत त्याच्या खांद्यावर. आणि प्रमिलाला सकाळचे ते मिटलेले ओठ आठवले.

"आई," तो म्हणाला, "ते माझ्याबद्दल होतं. मले बाप्तिस्मा घ्याचा हाय."

भाऊराव बाजेवरून उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले.

"कोणी भरवलं तुया डोक्यात? हिनं? यानं?"

"मी त एक वर्षापासून त्याले थांबवून राहिलो," दादाजी म्हणाले. "म्हटलं, आधी घरी सांग. चोरून पाण्यात उतरशील त ते फक्त भिजणं होईन."

"इथं धर्म बदलाचा कायदा हाय, मालूम हाय ना?" रश्मी म्हणाली. "कलेक्टरले आधी सांगा लागते. आन दाखला? जातीचा दाखला जाईन तुहा, सुगतचा बी जाईन. विचार केला काय?"

"केला, ताई."

"म्या साऱ्या पांढुर्ण्याले पाणी सोडलं!" भाऊरावांचा आवाज चढला. नगरपालिकेत त्यांची उमर नळाचे व्हॉल्व्ह उघडण्यात गेली होती. "या मोहल्ल्याले सोडलं, त्या मोहल्ल्याले सोडलं, मस्जिदीले सोडलं, मंदिराले सोडलं. पाण्यानं कोणाचा धर्म बदलताना नाही पाह्यला! माझा बाप नागपूरले गेला, छप्पन साली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पाण्याची गरज नाही पडली त्याले. माणूस डोक्यानं बदलते, डोक्यानं!"

"तेच त सांगून राहिलो मी, बाबा," स्वप्निल म्हणाला. "आजोबाले कोणी म्हटलं होतं काय जा म्हणून? त्यायच्या मायनं त दार अडवलं होतं."

भाऊराव बाजेवर बसले. ती गोष्ट या घरात दर लग्नात, दर बारशाला सांगितली जायची, आणि सांगायचे तेच. प्रमिलाने ती सासूकडून, कलाबाईकडून ऐकली होती. सासरे नागपूरहून परतले, पांढरे कपडे, डोळ्यांत वेगळीच चमक. त्यांची माय दारात आडवी उभी राहिली. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडणार, हे तिला कळलं होतं. म्हणाली, गेला तो माझा पोरगा होता, हा आला तो कोण? सासऱ्यांनी दारातच चपला काढल्या. म्हणाले, माय, भूक लागली. ती बाजूला झाली. म्हणाली, मग माझाच हाय. भाकर टाकली.

"तो आपल्या लोकांसंगं गेला होता," भाऊराव शेवटी म्हणाले. "लाखो लोकांसंगं. तू एकटा चालला."

स्वप्निलने सुगतला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

प्रमिलाने दादाजींना विचारलं, "मोठ्या माणसाले कसं करतात? शिंपडतात?"

"याले पूर्ण बुडायचं हाय, ईहीनबाई. त्याचं म्हणणं तसं हाय. खाली नेतात आन वर काढतात."

"बुडवतात काहून?"

दादाजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. या बाईला काहीतरी गोड सांगून भागणार नाही, हे त्यांना कळलं असावं. "मरणाची खूण हाय ती. पाण्याखाली गेला म्हणजे पुरला. जुना माणूस तिथंच राहिला. वर येते तो नवा."

"पुरला," प्रमिला म्हणाली.

ती एकच शब्द बोलली, पण श्रुतीने पुढे येऊन तिचा हात धरला. प्रमिलाने तो सोडवून घेतला. झटकला नाही, नुसता सोडवला. जो पुरला जाणार होता तो जुना माणूस तिने पोटात वागवला होता. त्याला गोवर निघाला तेव्हा ती रात्रभर कडुनिंबाचा पाला घेऊन बसली होती. बोरांच्या बिया त्याच्या खिशात होत्या. आता कोणी तरी पाण्यात उभं राहून त्याला खाली दाबणार, आणि म्हणणार, मेला.

बाहेर गजेंद्र चहाची थैली घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता, देव जाणे.

"पोराचे केस काढून घ्या आधी," भाऊराव दमलेल्या आवाजात म्हणाले. "बाकीची गोटमार मग करू, गोटे काही पळून नाही चालले."

सुगत जागा होऊन रडायला लागला होता. दादाजींनी पाटावरून उठायला घेतलं. त्यांना वाटलं, आता आपण नको. प्रमिलाने त्यांच्याकडे पाहिलं.

"बसा इवाई. पोरगं रडून राहिलं."

ते बसले. लेकरू त्यांच्या मांडीवर आलं. पण रश्मी पदर पसरायला तयार होईना. ती दाराशी पाठ करून उभी राहिली. "जो भाऊ घराले पुसत नाही, त्याच्या पोराचे केस मी काहून झेलू?" तिला कोणी समजावलं नाही. प्रमिला स्वतः पुढे बसली आणि तिने पदर पसरला. वस्तरा फिरला. पहिल्या बटा काळ्या, मऊ, तेलकट, तिच्या पदरात पडल्या. लेकरू किंचाळत होतं, दादाजी त्याचे हात धरून काहीबाही बडबडत होते, आणि या घरात आज कापण्यावरून एवढं रामायण झालं, तिथे हे कापणं मात्र सगळे हसून पाहत होते. जन्माचं काही काढून टाकल्याशिवाय लेकरू आपलं होत नाही, असं सगळ्यांनाच वाटतं काय? प्रमिलाने तो विचार तिथेच सोडला. तिला तेवढं खोल जायचं नव्हतं.

जेवणं कशीबशी उरकली. स्वप्निल ताटावरून अर्धवट उठला. दादाजी निघाले तेव्हा भाऊराव त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले, पण जयभीम म्हणाले नाहीत. नुसते हात जोडले.

उन्हं उतरायला लागली तशी प्रमिला जावळ घेऊन जाम नदीकडे निघाली. केस वाहत्या पाण्यात सोडायचे असतात. गाठ मारलेला पदर तिने मुठीत धरला होता. मागून पावलं वाजली. तिला वळून पाहायची गरज नव्हती.

नदीला पाणी थोडंच होतं. पुलाच्या खाली एका बाजूला डोह होता, तिथे गुडघाभर. चपला काढून ती आत गेली. स्वप्निलनेही पँट वर दुमडली आणि तो शेजारी आला. थंड पाण्याने दोघांच्याही अंगावर काटा आला.

"राग हाय काय, आई?"

"राग नाही. भेव हाय." तिने पदराची गाठ सोडायला घेतली. "तुले वाटते मी तुया येशूले भेतो. मी त्याले नाही भेत. त्यानं काय केलं माह्यं? मी त्या नव्या माणसाले भेतो. तो कोण असन, कसा असन? माह्यासंगं कसा बोलन?"

"मीच असन, आई."

"आता तू म्हणते. तुहा सासरा म्हणते नवा."

 स्वप्निल वाकला, पाण्यात हात घातला, उगाच पाणी हलवलं. गाठ सुटली. सुगतचं जावळ पाण्यावर पडलं. आधी एकाच जागी फिरलं, मग धारेला लागून पुलाखाली गेलं. दोघं ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिले.

"कधी हाय?" तिने विचारलं.

"ठरलं नाही अजून. तू म्हणशील त..."

"मी नाही म्हणणार. मी हो बी नाही म्हणणार." ती काठाकडे वळली. पाय घसरला, तसा त्याने दंड धरला. तिने धरू दिला. काठावर बसून तिने ओला पदर पिळला. मग पोराकडे वर पाहिलं. तोच संशय अजून तिच्या डोळ्यांत होता.

"पण मी येईन. जवळ उभी राहीन, पाण्याच्या काठालेच. आन डबा घेऊन येईन. तू वर आला का पहिले तोंडातून काय निघते, ते ऐकाचं हाय मले."